तारीख कळवतो!

परभणी जिल्ह्याचे तालुके नऊ, आणि वसंतातली सहल ठरवणारा एक तरी गृहस्थ राहत नाही अशी गल्ली या नवांत शोधून सापडायची नाही. जिंतूरला त्याला भाऊ म्हणतात, सेलूला सर, गंगाखेडला काका. परभणीत तो बहुधा अण्णा असतो. आपणही अण्णाच म्हणू. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी शाळेत, बँकेत नाहीतर जिल्हा परिषदेत, स्वभाव मनमिळाऊ, अक्षर वळणदार. संक्रांतीचा तिळगूळ हातावर पडला की अण्णांच्या अंगात वसंत संचारतो. ‘औंदा जायचंच’ हे वाक्य ते तिळगुळासोबतच वाटत सुटतात. त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर गट निघतो आणि गटाच्या नावापुढे साल घातलं जातं, कारण मागच्या सालचा गट अजून बंद झालेला नसतो. कोणी विचारलंच, ‘कधी जायचं मग?’ तर उत्तर ठरलेलं: ‘सगळे येयलेत, तारीख कळवतो.’ दारात पाडव्याची गुढी उभी राहते, तारीख काही कळत नाही. लोक म्हणतात, अण्णा नुसते बोलघेवडे. माझं मत याच्या उलट आहे. अण्णांइतका राबणारा माणूस गल्लीत दुसरा नाही, आणि सहल बुडते ती त्यांच्या या राबण्यामुळेच.

पुरावा हवा असेल तर अण्णांची वही बघावी. खताच्या कंपनीने भेट दिलेली डायरी, आत पट्टीने आखलेले रकाने: नाव, माणसं, लेकरं, वर्गणी, शेरा. लेकरू अर्धं धरायचं की पाऊण, यावर पहिली बैठक खर्ची पडलेली असते आणि तिचा निकाल समासात नोंदलेला असतो: ‘पाच वर्षांखालील फुकट, पण मांडीवर.’ शेऱ्याचा रकाना सर्वांत वाचनीय. ‘बघू म्हणाले.’ ‘पोरगी दहावीला.’ ‘सासऱ्यांची तब्येत बघून सांगतील.’ ‘ते येणार असतील तर हे नाहीत.’ ‘वर्गणी रोख देणार, कधी ते नाही सांगितलं.’ मधल्या पानांवर गाड्यांचे भाव: क्रूझर, तवेरा, टेम्पो ट्रॅव्हलर; डिझेलसकट, डिझेल सोडून, ड्रायव्हरच्या जेवणासकट. जेवणाचं पान तर काठोकाठ भरलेलं: धपाटे, दही, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, आणि ‘लोणचं कोणाकडचं?’ याखाली दोन रेघा. स्थळाचं पान मात्र खाडाखोडीने काळं झालेलं. सगळ्यांत वर श्रीनगरच्या ट्यूलिपच्या बागा, त्याखाली महाबळेश्वर, मग चिखलदरा, मग म्हैसमाळ, मग येलदरी आणि तळाशी बारीक अक्षरात कृषी विद्यापीठाचा परिसर. ‘बनी तो परभणी, नहीं तो जर्मनी’ ही आपली म्हण अण्णा उलटीकडून चालवतात. आरंभ जर्मनीपासून करायचा, आणि परभणीपर्यंत येता येता ऊन चढलेलं असतं.

हे ऊनच सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. आपल्याकडे वसंत एक नाही, तीन आहेत. वसंत पंचमी येते माघात, तेव्हा पंचांगाप्रमाणे शिशिर चालू असतो. सौर वसंत लागतो फेब्रुवारीच्या 18-19 तारखेला. आणि चैत्र-वैशाखाचा वसंत हा शाळेत पाठ केलेला, म्हणून अण्णांना तोच खरा वाटतो. पण चैत्रात परभणीचा पारा चाळिशीच्या घरात खेळत असतो आणि वैशाखात तो घराबाहेरही पडू देत नाही. झाडं यातलं काहीच पाठ करत नाहीत. आंब्याला मोहर माघातच येतो, काटेसावरीला लाल फुलं लागतात तेव्हा तिच्या अंगावर एक पान नसतं, आणि पळस होळीच्या मागेपुढे पेटून मोकळा होतो. फुलंही आहेत आणि हवाही सोसवते, असा काळ आपल्या वाट्याला येतो तो फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीच्या आसपासपर्यंत, तोही रोज सूर्य उगवल्यापासून दहा-अकरा वाजेपर्यंत. अण्णांच्या कामाची गती या हिशेबात बसत नाही. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडतं, त्याआधी ते एकशेवीस दिवस आधी उघडायचं. अण्णांना अजून एकशेवीसचीच हळहळ आहे. पण पळस साठ दिवस आधीसुद्धा काही कळवत नाही. हुरड्याचीही तीच कथा. हुरडा खायला शेतावर जायचं असा ठराव गटात मंजूर होईतो त्या कणसांची मळणी होते आणि ज्वारीची भाकरी होऊन ताटात येते.

शिवाय अण्णांची एक अट असते, आणि ती फार उदात्त असल्यामुळे तिच्याविरुद्ध कोणाला बोलता येत नाही: रविवार सगळ्यांच्या सोयीचा हवा. आता फेब्रुवारी-मार्चची पानं उलटा. आरंभी हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस. उरसाला अख्खी परभणी लोटते आणि लेकरं पाळण्यांवरून उतरत नाहीत. महाशिवरात्रीला एकीकडे औंढा आणि दुसरीकडे परळी अशी दोन ज्योतिर्लिंगं हाताशी असल्याने अर्धा गट दर्शनाच्या रांगेत. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची मिरवणूक. मग बारावीची परीक्षा, मग दहावीची, आणि ज्यांच्या घरी परीक्षा नाही त्यांच्या कचेरीत मार्चअखेर. ज्यांचं शेत आहे त्यांची सुगी: हरभरा काढायचाय, ज्वारी काढायचीय, मजूर मिळत नाही. एवढ्यातून उरले समजा चार रविवार. गटातली घरं दहा धरू आणि प्रत्येक घर दर दोन रविवारांतून एकदा मोकळं असतं असं मोठ्या मनाने मानू. दहाही घरं एकाच रविवारी मोकळी सापडण्याची शक्यता येते 1,024 मध्ये एक. वर्षाला चार रविवार, म्हणजे सरासरी 256 वर्षांत एक सहल. हैदराबादची आसफजाही राजवट 1724 ते 1948 अशी 224 वर्षं चालली. निजामाला राज्य उभारून, चालवून, बुडवायला जेवढा वेळ लागला, त्याहून बत्तीस वर्षं अधिक अण्णांना येलदरीला जायला लागतील. यात अण्णांचा दोष नाही, हा निव्वळ गुणाकार आहे. मात्र हा गुणाकार मांडून घेतला तो अण्णांनीच.

‘म्हणजे काय, नियोजनच करायचं नाही?’ असा पहिला आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, औषधं, पाणी यांचा विचार न करता गाडी काढणं हा शहाणपणा नव्हे. पण नियोजन कशाभोवती करायचं, हा खरा मुद्दा. जपानी माणूस नियोजनात अण्णांना हार जाणारा नाही. चेरीचा बहर बघायला तिथे सगळा देश घराबाहेर पडतो. पण टोकियोत बहर सुरू झाला हे कोणाची बैठक ठरवत नाही. यासुकुनी देवस्थानाच्या आवारात एक ठरावीक झाड आहे. हवामान खात्याचा माणूस जाऊन त्याच्यासमोर उभा राहतो, पाच-सहा फुलं उमललेली मोजतो आणि मग बहर जाहीर होतो. डबे, चटया, रजेचे अर्ज सगळं त्यानंतर. तिथे झाड तारीख देतं आणि माणसं तिच्यामागे धावतात. अण्णांच्या पद्धतीत माणसं तारीख ठरवतात आणि झाडाने तोवर थांबावं अशी अपेक्षा असते. पळस काही शासकीय सेवेत नाही, त्याला मुदतवाढ मिळत नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा. अवकाळी पाऊस आला तर? गारा पडल्या तर? हा प्रश्न मराठवाड्यात थट्टेचा नाही. 2014 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये झालेल्या गारपिटीने उभी रब्बी झोपवली, ती अजून कोणी विसरलेलं नाही. पण या आक्षेपाने अण्णांची बाजू बळकट होत नाही, उलट पडते. संक्रांतीला बसून होळीच्या आभाळाची हमी कोणालाच देता येत नाही, मग बैठका तीन होवोत की तेरा. पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज मात्र बऱ्यापैकी मिळतो आणि तो द्यायला कृषी विद्यापीठ गावातच आहे. शेतकरी त्यावर फवारणी पुढे-मागे करतो, तर सहलीला काय हरकत? गुरुवारी आभाळ बघावं, शुक्रवारी गाडी सांगावी, रविवारी निघावं. हवेचा भरवसा जितका कमी तितकी नोटीस आखूड हवी. अण्णांचं उत्तर नेमकं उलट: भरवसा नाही म्हणून अजून एक बैठक.

तिसरा आक्षेप मोठ्या आवाजात येतो आणि तो आपलीच माणसं घेतात: ‘इथं बघायला हाय काय?’ अण्णांची वही काश्मीरपासून सुरू होते ती या प्रश्नाच्या धाकाने. तर काय आहे ते एकदा मोजू. उत्तरेला जिंतूरचे डोंगर, तिथे नेमगिरीची जैन लेणी. जिंतूर तालुक्यातच चारठाण्याची जुनी देवळं आणि पूर्णेवरचं येलदरीचं पाणी. सेलू तालुक्यात वालूरला वळत वळत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांची गोल बारव. अशा बारवा बघायला लोक लांबून येतात आणि वालूरला जाऊन आलात का विचारलं तर सेलूचेच लोक ‘कुठली बारव?’ म्हणतात. दक्षिणेला गंगाखेड, म्हणजे जनाबाईचं गाव आणि गोदावरीचा घाट. पलीकडे धारासूरचं गुप्तेश्वराचं देऊळ, वर पाथरी तालुक्यात नदीच्या पात्रातलं मुद्गलेश्वर. यातलं परभणीहून काहीही गाठायला सकाळचा एक-दीड तास पुरतो. आणि खुद्द गावात 1972 साली स्थापन झालेलं विद्यापीठ, जिथली ‘परभणी क्रांती’ भेंडी राज्याबाहेरच्या शेतांत गेली. भेंडीने प्रवास केला, अण्णा अजून गाडीचे भाव काढतायत. सगळ्यांत लाजवतात त्या भोरड्या. मध्य आशियातून आणि पूर्व युरोपातून हे गुलाबी-काळे पक्षी थव्यांनी आपल्याकडे हिवाळ्याला येतात. ज्वारीवर पडतात म्हणून शेतकऱ्याच्या शिव्या खातात आणि वसंतात पळस-सावरीच्या फुलांत चोची घालतात. त्यांना पळसमैना हे नाव पडलं ते यातूनच. हजारोंचा थवा, हजारो कोसांचा रस्ता, आणि वर्गणीवरून एकही जण मागे राहिलेला नाही.

शेवटचा आक्षेप हळवा आहे: अण्णांना ठरवण्यातच आनंद मिळतो, तो का हिरावून घ्यायचा? बैठकीच्या निमित्ताने चार घरं एकत्र येतात, भजी होतात, रुसलेले दोन भाऊ एका सतरंजीवर बसतात, हे थोडं आहे काय? थोडं मुळीच नाही. पण मग त्याला बैठक म्हणावं आणि भज्यांसाठी भरवावी. सहलीच्या नावाखाली लेकरांना दर साली आशेला लावणं बरं नव्हे. लेकरं हिशेबात अर्धी धरली तरी त्यांचा हिरमोड पुरा होतो. आणि वहिनींनाही विचारून बघावं. माळ्यावरचा मोठा डबा काढायचा की नाही, हे त्या माऊलीला जानेवारीतच ठाऊक असतं. अण्णांनी ‘औंदा नक्की’ म्हटलं की ती ‘बरं’ म्हणते आणि डबा तिथेच राहू देते.

म्हणून अण्णांना मोडीत काढा असं माझं सांगणं नाही. त्यांच्या कामाची वाटणी तेवढी बदला. धपाटे किती, पाणी किती, आजींना पुढची सीट, गाडीत पान थुंकायची मनाई, हा कारभार अण्णांइतका चोख कोणालाच जमणार नाही, तो त्यांच्याकडेच ठेवा. तारीख मात्र काढून घ्या. जिंतूर रस्त्यावरचा एक पळस नेमा आणि माघ संपत आला की येता-जाता त्याच्याकडे बघत राहा. तो फुलला की त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी सहाला गाडी काढा आणि उन्हं तापायच्या आत, अकराला घरी या. जितकी घरं तयार असतील तितकीच घ्या. दोन असली तरी पुरे. बाकीच्यांना फोटो पाठवा. पुढच्या साली ते आपणहून सहाला दारात उभे राहतील.