आपणच आपली भूल

संमोहन म्हटलं की साठी उलटलेल्या मराठी माणसाला आधी जादूगार आठवतो: काळा कोट, झुलणारं घड्याळ आणि भर सभेत कोंबड्यासारखे आरवणारे कुणी भारदस्त हेडमास्तर. मग झोपेसाठी आत्मसंमोहन सुचवलं, की उत्तर ठरलेलं. 'ते वशीकरण नको. मन दुसऱ्याच्या ताब्यात कोण देणार?' शंका रास्त आहे, पण इथे दुसरा कुणी नसतोच. सूचना देणारे आपण, ऐकणारेही आपण. (या वयात घरात आपलं ऐकणारं एक तरी माणूस मिळतं, हा लाभ लहान नव्हे.) गैरसमजाचं थोडं खापर जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्या शल्यवैद्यावरही फुटतं. हिप्नॉस या ग्रीक निद्रादेवावरून या विद्येला नाव देणारं त्याचं पुस्तक 1843 साली आलं. ही झोप नसून एका कल्पनेवर खिळलेलं मन आहे, हे पटल्यावर त्याने नाव बदलायची खटपट केली. तोवर बारसं उरकून घुगऱ्याही वाटून झाल्या होत्या.

आणि एका कल्पनेवर मन खिळवण्यात आपल्या ज्येष्ठांचा हात कोण धरणार? पाठ टेकताच 'आज काही डोळा लागायचा नाही' हे सुरू होतं आणि घड्याळाच्या ठोक्यागणिक घोकलं जातं. सूचना स्पष्ट, श्रद्धा अढळ, गुण हमखास. विद्या अवगत आहेच, फक्त मजकूर बदलायचा आहे. 'आम्हाला जपमाळ पुरे' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. एकच नाम, संथ लय, सैल पडत जाणारं अंग, वाट बरीचशी तीच. फक्त मध्येच 'टाकीची मोटर बंद केली का?' असं ओरडायचं नाही.

पुरावा म्हणाल तर झुरिचच्या संशोधकांनी 2014 साली तरुण स्त्रियांना झोपण्याआधी संमोहनाची ध्वनिफीत ऐकवली. सहज संमोहित होणाऱ्यांची गाढ झोप 80 टक्क्यांनी वाढली. पुढे वयस्क स्त्रियांमध्येही वाढ दिसली, जरा कमी. ज्यांच्यावर संमोहन चढत नाही, त्यांना मात्र फारसा उपयोग नाही, हे कबूल करायला हवं. फितीत खोल खोल पाण्यात जाणारा मासा होता म्हणे. मालवणी आजोबांसाठी तो बदलावा लागेल, नाहीतर सरंगा की सुरमई या विचारात पहाट व्हायची. 'वयाबरोबर झोप कमी होणारच' हा आक्षेप अर्धा खरा आहे. गाढ झोप घटते, पण दुपारची दीड तासाची वामकुक्षी हिशेबात कुणी धरत नाही. 'त्यापेक्षा गोळी सोपी' हे तर पूर्ण खरं. पण अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या बीअर्स यादीत बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या ज्येष्ठांनी टाळाव्यात असं आहे, कारण रात्री उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. घोरताना श्वास अडकत असेल किंवा लघवीला दर तासाला उठावं लागत असेल, तर मात्र मासा कितीही खोल गेला तरी व्यर्थ, तिथे डॉक्टरच हवेत. आणि चालू असलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. तेवढी एक सूचना माझी.