बावड्याचा पडताळणीकार

गल्लीच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपात सावधगिरीचे संदेश पुढे ढकलणारे पुष्कळ असतात आणि ते खरे की खोटे याची विचारपूस करणारा एखादाच असतो. हा दुसरा प्रकार संख्येने अल्प असला तरी उपद्रवमूल्यात पहिल्याच्या तोडीस तोड असल्यामुळे त्याचे स्वतंत्र वर्णन करणे भाग पडते. कोल्हापूर शहराच्या उत्तरेस पंचगंगेकाठी वसलेल्या कसबा बावड्यात हा पडताळणीकार, म्हणजे आलेल्या इशाऱ्याचा उगम, काळ आणि स्थळ सापडेपर्यंत त्यावर विश्वास न ठेवणारा गृहस्थ, बहुधा सेवानिवृत्त असतो, त्याची हयात एखाद्या कचेरीच्या आवक-जावक टेबलावर तारखेचे शिक्के मारण्यात गेलेली असते, आणि वयाने थोरले असोत की धाकटे, सगळे त्याला आण्णाच म्हणतात.

त्याच्या शास्त्राचा सारा डोलारा ‘तारीख कुठाय?’ या एका प्रश्नावर उभा असतो. ‘काल रात्री एका महिलेच्या दारात लहान मुलाच्या रडण्याचा आवाज लावून तिला बाहेर बोलावले’ या धर्तीचा इशारा कधीही शिळा होत नाही, कारण त्यातला ‘काल’ वाचणाऱ्याबरोबर रोज एक दिवस पुढे सरकतो, हे आण्णाचे मूळ प्रमेय असून ते निर्दोष आहे, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावे लागते. अडचण एवढीच की प्रश्नाची ही सवय फोनपुरती राहत नाही. दुधाची पिशवी, औषधाची पट्टी आणि पावाचा पुडा यांना तो विचारला जाणे रास्तच आहे; परंतु चौकात लागलेल्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फलकावर तारीख नसल्याचे पाहून दिवंगताच्या मुलालाच ‘नेमके कधी गेले?’ असे विचारणे, आणि उत्तर मिळाल्यावर ‘मग फलकावर घालायला काय झालं होतं?’ असे पुढे जोडणे, हे संशोधनवृत्तीचे लक्षण मानावे की नाही याविषयी तालमीच्या कट्ट्यावर आजही मतभेद आहेत.

त्याच्या अभ्यासातील सर्वांत आवडता नमुना म्हणजे उलट्या पिनचा संदेश होय. एटीएमवर चोराने धमकावल्यास आपला गुप्त क्रमांक उलटा दाबावा, म्हणजे पैसेही येतात आणि पोलीसही येतात, असे हा संदेश सांगतो. अशा कल्पनेवर गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एका शोधकाने पेटंट मिळवले होते हे खरे असले, तरी बँकांनी ती सोय यंत्रांत बसवली नाही, त्यामुळे उलटा क्रमांक हा केवळ चुकीचा क्रमांक ठरतो. एवढे स्पष्टीकरण कोणत्याही सुज्ञास पुरेसे असते. आण्णास ते पुरत नाही. ज्याचा क्रमांक २११२ आहे त्याने तो उलटा कसा दाबायचा आणि त्याच्याकडे दर महिन्याला पोलीस आले तर चहा कोणी करायचा, हे प्रश्न तो ग्रुपात मांडतो, आणि शेवटी, सवयीने, तारीख मागतो.

याहून अवघड नमुना अर्धवट खऱ्या संदेशांचा असतो. डिसेंबर २०१९ मध्ये लुधियाना पोलिसांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत एकट्या महिलांना मोफत घरी पोहोचवण्याची सोय सुरू केली, आणि तिचा मजकूर शहराचे नाव गळून देशभर फिरला. रात्री कोल्हापूरच्या मध्यवर्ती (सीबीएस) बसस्टँडवर अडकलेल्या बावड्याच्या बाईने त्यातला क्रमांक फिरवला तर गाडी पंजाबातून निघेल, हे आण्णाने दाखवून दिले, त्याखाली ११२ हा खरा क्रमांकही लिहिला. तरीही मूळ संदेश पाठवणारीस हात जोडलेली चिन्हे भरघोस मिळाली आणि आण्णास ‘चांगल्या कामात खोडा’ ही पदवी मिळाली.

ग्रुपातून त्याला दोनदा काढल्याचे सांगतात. तरीही त्याच्या हट्टाची किंमत करताना १ जुलै २०१८ हा दिवस विसरता येत नाही. त्या रविवारी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या मुले पळवल्याच्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेची जाहिरात होती, आणि ‘मुलांना जपा’ हे सांगणारा तिचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच ठिकाणे काही कमी नव्हेत. या एका विषयावर आण्णा विनोद करत नाही आणि दुसऱ्याला करूही देत नाही.

पावसाळ्यात मात्र गल्लीचा सूर पालटतो. पंचगंगेची पातळी बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर फूट आणि इंचात मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी असून २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे जलाशय भरला की आपोआप उघडतात आणि पाणी उतरले की आपोआप मिटतात. त्यामुळे ‘पाच दरवाजे उघडले’ हे वाक्य जवळपास दरवर्षी खरे असते, आणि गेल्या वर्षीचे वाक्य यंदा फिरले तर माणसे रात्रीतच जनावरे सोडून गच्चीवर संसार चढवू लागतात. अशा रात्री, बावडा-शिये रस्त्यावर पाणी आल्यावर, ज्यांनी आण्णाला ग्रुपातून काढले तेच त्याला फोन करतात: ‘आण्णा, धरण फुटलं म्हणत्यात, खरं का?’ तो कोणालाही टोमणा मारत नाही. अधिकृत आकडा शोधतो आणि फुटा-इंचांत सांगतो. एकदा घाईत त्याने नुसती पातळी टाकली, तेव्हा उलट्या पिनचा संदेश वर्षानुवर्षे पाठवणाऱ्या शेजारच्या काकूंनीच विचारले, ‘पण आण्णा, किती वाजताचं हे?’ बराच वेळ उत्तर आले नाही. नंतर वेळ, वार आणि तारीख अशी तिन्ही आली.

पाणी इशारा पातळीखाली उतरल्यावर काकूंनी ग्रुपात उलट्या पिनचा संदेश पुन्हा टाकला. त्यांच्या घरातला चिखल अजून निघायचा होता हे ठाऊक असल्यामुळे आण्णाने आपला प्रश्न संध्याकाळपर्यंत राखून ठेवला.