पाऊस पडून गेल्यावरची घटमांडणी

मराठी भाषेने मनातल्या ओढीला आणि मालाच्या किमतीला ‘भाव’ हा एकच शब्द दिला, आणि ज्या प्रश्नासाठी अर्थशास्त्राला सर्वेक्षणे, निर्देशांक व प्रबंध खर्ची घालावे लागले, तो शब्दकोशातच मिटवून टाकला. मनातला भाव बाजारातल्या भावाला ओढतो की बाजारातला भाव मनाला, हा तो प्रश्न होय. आणि अमरावती-अकोल्याच्या मुलखात त्याचे प्रात्यक्षिक गेली दीडशे वर्षे, कोणत्याही विद्यापीठाचे अनुदान न घेता, अखंड चालू आहे.

‘गुंतवणूकदारांची भावना’ म्हणजे भाव पुढे चढेल की उतरेल याविषयी बहुसंख्यांच्या मनात असलेला कल. तो मोजण्यासाठी अमेरिकेतील वैयक्तिक गुंतवणूकदारांची एक संघटना १९८७ पासून सभासदांना दर आठवड्याला विचारते की, येत्या सहा महिन्यांत बाजार वर जाईल, खाली येईल की आहे तिथेच राहील. केनेथ फिशर आणि मीर स्टॅटमन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, परतावा चांगला मिळाला की सामान्य गुंतवणूकदाराचा उत्साह वाढतो आणि उत्साह वाढला की पुढचा परतावा सरासरीने खालावतो. गर्दी बोट दाखवील त्याच्या उलट चालावे, या उपदेशाला ‘विरुद्धगामी’ धोरण म्हणतात; त्याची अडचण एवढीच की, हा उपदेश आता सर्वांनी वाचलेला असल्यामुळे उलट दिशेच्या रस्त्यावरही गर्दी होऊ लागली आहे.

वऱ्हाडात या सिद्धान्ताची परीक्षा कापसावर झाली. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेला. परंतु तो तिथे पोचला तेव्हा बहुतेकांचा कापूस आठ हजारांच्या आसपास विकून झालेला होता, आणि हुकलेल्या भावाची हळहळ ही झालेल्या तोट्यापेक्षाही चिवट असते. त्यामुळे पुढच्या हंगामात साडेआठ-नऊ हजारांचा भाव समोर असताना गावोगाव एकच विचार पसरला, “अजून चढते भाऊ, घाई कायले करता?” कापूस बंडीऐवजी माजघरात गेला, खिडक्या झाकून आढ्याला टेकला, आणि माणसे ओसरीवर झोपू लागली. महिने लोटले तशी साठवलेल्या कापसामुळे घरातल्यांच्या अंगाला खाज सुटू लागली, ज्याला आशावादाचे वैद्यकीय लक्षण म्हणण्यास हरकत नसावी. भाव मात्र उतरत सात हजारांच्या आसपास आला, आणि पेरणीला पैसा हवा म्हणून सर्वांनी एकदमच कापूस बाहेर काढला. यात भावनेने भावावर मुळीच परिणाम केला नाही असे म्हणता येत नाही. आधी सर्वांनी मिळून थांबण्याने आवक घटली आणि नंतर सर्वांनी मिळून विकण्याने ती वाढली, म्हणजे परिणाम झाला, फक्त तो भावना बाळगणाऱ्यांच्या विरुद्ध झाला.

शहरी व सुशिक्षित मन याहून शहाणे असते, हा समज मुंबईने १८६५ सालीच खोडून काढला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन तिथला कापूस लिव्हरपूलला पोचेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून मुंबईत कंपन्यांचे पीक आले. बॅक बे रेक्लमेशन, म्हणजे समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीचा, पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र होता तिथेच होता. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत शांतता झाली आणि मुंबईत आकांत झाला. वायद्याचे, म्हणजे पुढच्या तारखेला पैसे देऊन शेअर घेण्याचे, असंख्य सौदे १ जुलै १८६५ या दिवशी पुरे करायचे होते. त्या दिवशी भावना सर्वांपाशी होती, पैसे कोणापाशीच नव्हते.

आजचा गुंतवणूकदार, मग तो अमरावतीच्या राजकमल चौकातला असो वा दलाल स्ट्रीटवरचा, भ्रमणध्वनीवर व्यवहार करतो, एवढाच फरक पडला आहे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला, तेव्हा देशातली डिमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तो ८५,८३६ वर बंद झाला, तेव्हा ती सतरा कोटींच्या पुढे गेली होती. स्वस्तात मोजके आणि महागात झुंबड, हा नियम साडीच्या दुकानात कोणीही पाळणार नाही. त्यानंतर बाजार घसरला आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्याने सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद पडलेल्या अधिक निघाल्या. एसआयपी म्हणजे घसरणीत जास्त युनिट पदरात पडावीत म्हणून दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची शिस्त. ती घसरण सुरू होताच थांबवणे म्हणजे पाऊस लागला म्हणून छत्री मिटणे होय. भीती मोजणारा इंडिया व्हिक्स हा निर्देशांक आहे खरा, पण तो निफ्टीच्या ऑप्शनच्या किमतींवरून येत्या तीस दिवसांत बाजाराची बंडी किती हेलकावे खाईल एवढेच सांगतो. ती बडनेऱ्याकडे चालली की मूर्तिजापूरकडे, हे त्याच्या अधिकारकक्षेत येत नाही.

माप आणि काटा कायद्याने सरळ करता येतात, हे वऱ्हाडाने देशाला दाखवले. १८८६ साली कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मनाचा काटा सरळ करणारी बाजार समिती मात्र अद्याप स्थापन व्हायची आहे. तोवर बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या घटमांडणीचा आदर्श घेण्यासारखा आहे. तिथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा धान्ये वर्तुळात मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत चारचौघांत सांगून टाकतात. ते खरे ठरो वा खोटे, ते पावसाच्या आधी केलेले असते. बाजारपंडित घट मांडतात तो पाऊस पडून गेल्यावर, भिजलेली ढेकळे हातात घेऊन वातावरण तेजीला अनुकूल असल्याचे निदान करतात, आणि ते निदान ऐकून घराघरांत ठरते की, भाव एवढा चढलाच आहे, तर आता घ्यायला हरकत नाही.