आधी पाय कुठं टेकणार ते सांगा

घनसावंगीत सध्या दोन तट पडलेत. निवडणूक लागली का, असं विचारू नका. भांडण गुडघ्याचं आहे आणि गुडघा अठरा मीटर उंचीच्या एका जपानी यंत्राचा आहे. एक तट म्हणतो, तो गुडघा पहिल्याच पावलाला मोडेल. दुसरा म्हणतो, मोडणार नाही, कारण त्यात लूना टायटॅनियम नावाचा धातू आहे. लूना टायटॅनियम कुठल्या दुकानात मिळतं, हे मात्र कुणीच सांगत नाही.

ज्यांच्या घरात मोबाइल धरलेलं पोरगं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानी कार्टूनमध्ये मेका नावाचा एक प्रकार असतो. यंत्र माणसाच्या आकाराचं पण वाड्याएवढं, आणि आत बसून ते चालवणारा माणूस. १९७२ साली ‘माझिंगर झेड’ आला, त्यात पोरगं थेट यंत्राच्या डोक्यात जाऊन बसायचं. १९७९ साली योशियुकी तोमिनो यांनी ‘मोबाइल सूट गुंडम’ काढला आणि यंत्राला वजन, इंधन, दुरुस्ती असली कटकट लावून दिली. तेव्हापासून जगभरचे चाहते भांडतायत की हे खरंच चालेल का. आमच्या पिढीने ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ बघितला. मनगटावरच्या घड्याळात बोलून एक पोरगा तो आकाशात उडवायचा. तो उडतो कसा, हे आम्ही कधी विचारलं नाही. घड्याळ कुठं मिळतं, एवढंच विचारलं.

आताची पोरं तसली नाहीत. चौकातल्या टपरीवर एक बारावी सायन्सचा आणि एक आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, असा सामना रंगतो. परवा बारावीवाल्याने कारखान्याच्या ऊस वजनपावतीच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडला. माणूस एक मीटर ऐंशी सेंटिमीटर, गुंडम अठरा मीटर, म्हणजे उंची दहापट. उंची दहापट झाली की हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपट होतं आणि वजन हजारपट. गॅलिलिओने १६३८ सालीच हे लिहून ठेवलंय. पंच्याहत्तर किलोचा माणूस त्या उंचीला नेला तर पंच्याहत्तर टन भरतो आणि त्याच्या हाडांवर दहापट ताण येतो. आता गंमत बघा. मालिकेच्या कागदावर गुंडमचं वजन आहे रिकामं ४३.४ टन आणि सगळा दारूगोळा, इंधन धरून ६० टन. म्हणजे लोखंडी पैलवान मांसाच्या माणसापेक्षा हलका! माणूस पाण्यात जेमतेम तरंगतो, हा तर बुचासारखा तरंगेल. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरीत सोडला तर वाहत वाहत नांदेडला पोचायचा. नदीला पाणी असेल तर, अर्थात.

मेकॅनिकचं म्हणणं, “लेका, आतून पोकळ असंल ना! ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून बघितलंस का कधी?”

हे चाललेलं असताना बाकड्यावर एक मामा चहा फुंकत बसले होते. ऊसवाले. त्यांनी एकच विचारलं, “ते सगळं खरं, पण ह्यो माझ्या रानात पाय कुठं टेकणार?”

पावती परत उलटली. पंजा दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद धरू. चालताना सगळा भार एका पायावर येतो, तेव्हा चौरस सेंटिमीटरला दोन किलो. ट्रॅक्टरच्या टायरचा दाब साधारण त्याच्या निम्मा, आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टर गुडघाभर रुततो. मग तो काढायला दुसरा आणतात, आणि दुसरा काढायला जेसीबी. तेव्हा गुडघ्याचा वाद इथेच मिटायला हवा होता, कारण घनसावंगीच्या रानात गुडघा दिसणारच नाही. मिटला नाही, हा भाग वेगळा.

जपान्यांनाही हे ठाऊक असावं. योकोहामाच्या बंदरात त्यांनी अठरा मीटरचा हलणारा गुंडम खरोखर उभा केला होता, डिसेंबर २०२० ते मार्च २०२४. वजन पंचवीस टनांच्या आसपास. हात हलवायचा, पाय उचलायचा, गुडघा टेकायचा. पण कंबर मागच्या लोखंडी आधाराला कायमची जखडलेली. पाऊल उचललं तरी पठ्ठ्या त्या आधाराशिवाय जागचा हलायचा नाही. असं चालणं आपल्याकडे सरकारी फाइलला येतं. तिकीट काढून लोक ते बघायला गेले, आणि चाहत्यांनी तिथेही पायाखालचे सांधे मोजले.

या चाहत्यांची मला खरी मजा वाटते ती इथे. त्यांचं प्रेम आंधळं नाही, हिशेबी आहे. गुंडमच्या कथेत एक मोठी अडचण होती. रडार आणि क्षेपणास्त्रं असताना दोन यंत्रं तलवारी घेऊन एकमेकांच्या अंगावर जातीलच कशाला? शंभर कोसांवरून बटण दाबलं की काम संपलं. त्यावर लेखकमंडळींनी मिनोव्हस्की कण नावाचं प्रकरण काढलं. हे कण हवेत पसरले की रडार आंधळं, वायरलेस बहिरं, म्हणून हातघाई. चाहत्यांना ही पळवाट आहे हे पक्कं माहीत आहे. पण ते म्हणतात, पळवाट काढलीच आहे ना, मग ती शेवटपर्यंत पाळा. या भागात कण पसरलेत तर याच भागात फोन कसा लागला?

एवढाच प्रश्न आपण आपल्या आयुष्यात किती वेळा विचारला?

आता माझ्याच मराठवाडा विभागाची मालिका घ्या. २०१५ साली पाऊस रुसला, तेव्हा औरंगाबादला विभागीय आयुक्तालयाच्या इमारतीवर रडार बसलं आणि विमानं ढगांत रसायन फवारायला निघाली. २०१९ साली दुसरा सीझन. टीव्हीवर विमान, नेते, फुगलेले ढग, सगळं झकास. चाहत्यांचा नियम इथे लावला तर पहिला प्रश्न असा की हे रसायन ढगातल्या थेंबांना मोठं व्हायला मदत करतं, ढग तयार करत नाही, मग ज्या दिवशी ढगच नाहीत त्या दिवशी विमान काय फवारणार? दुसरा प्रश्न, पडलेला पाऊस फवारल्यामुळे पडला की तसाही पडणार होता, हे वेगळं कसं काढलं? असले प्रश्न त्या पोरांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारले असते. आपण विमान किती वाजता येतं ते विचारलं.

मग मराठवाडा वॉटर ग्रीड. इस्रायलच्या मेकोरोट कंपनीचा सल्ला आणि मराठवाड्यातली ११ धरणं जलवाहिन्यांनी एकमेकांना जोडायची. कागदावर बघितलं तर अगदी मेका मालिकेतला ‘व्होल्ट्रॉन’! सुटी सुटी यंत्रं एकत्र येतात आणि महाकाय होतात. फक्त २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा जायकवाडीही तळाला गेलं होतं. एका रिकाम्या हंड्याला दुसरा रिकामा हंडा पाइपने जोडला तर आत काय फिरणार, हे विचारायला गॅलिलिओ लागत नाही.

आणि जालन्याचं ड्राय पोर्ट, बिनपाण्याचं बंदर. डिसेंबर २०१५ मध्ये पायाभरणी झाली. समुद्र चारशे किलोमीटरवर. कल्पना खोटी नाही हं, कंटेनर इथेच तपासून, सील करून थेट न्हावाशेव्याला पाठवायचे, जगात सगळीकडे चालतं. जालन्याच्या सळईला आणि बियाण्याला त्याचा फायदाच. पण गुंडमचा चाहता विचारील तोच प्रश्न आपण विचारत नाही: पुढचा भाग कधी? जपानात १९७९ साली ‘गुंडम’ला प्रेक्षक मिळेनात म्हणून बावन्न भागांची मालिका त्रेचाळीस भागांत गुंडाळली, पण गुंडाळतोय हे लोकांना कळलं तरी. आपल्याकडे मालिका बंद पडत नाही. फक्त पुढचा भाग येत नाही.

आता वीज. ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ ही १९९५ सालची मालिका, हिदेआकी आन्नो यांची. त्यातल्या यंत्राच्या पाठीला जाडजूड केबल असते. केबल तुटली की आतली बॅटरी पाच मिनिटं चालते, मग यंत्र जागच्या जागी पुतळा. शहरी चाहते यावर हसतात, म्हणतात एवढं प्रगत यंत्र आणि प्लग कसला? आमच्या तालुक्यात कुणी हसत नाही. रात्री दीडला थ्री फेज येते, माणूस बॅटरी घेऊन रानात जातो, बारं देतो, आणि डीपीत फट्‌ असा आवाज आला की सगळी शेतं जागच्या जागी पुतळा. इव्हँगेलियन हा सगळ्यात वास्तव मेका आहे, यावर इथे दोन्ही तटांचं एकमत आहे. त्याच मालिकेत एका भागात शत्रूवर एकच गोळी झाडण्यासाठी अख्ख्या जपानची वीज ओढून घेतात, एक लाख ऐंशी हजार मेगावॉट. महाराष्ट्राची कमाल मागणी तीस हजारांच्या घरात, म्हणजे सहा महाराष्ट्र अंधारात. त्या मोहिमेचं नाव ‘याशिमा’. २०११ च्या भूकंपानंतर तिकडे विजेचा तुटवडा पडला, तेव्हा याच मालिकेच्या चाहत्यांनी ‘याशिमा मोहीम’ म्हणून लोकांना दिवे बंद करायला लावले. कार्टून बघून वाया गेलेली पोरं म्हणतात ती हीच.

आमच्याकडे खरा मेका आलाय तो मात्र वेगळाच. ऊसतोडणी यंत्र. डोक्याच्या वर काचेची केबिन, आत एसी, आत बसलेला एक माणूस आणि पुढे उसाचं रान खात जाणारा जबडा. किंमत कोटीच्या घरात, २०२३ च्या योजनेत सरकारी अनुदान चाळीस टक्के किंवा पस्तीस लाख, जे कमी असेल ते. ज्या जिल्ह्यातून दरसाल कोयता घेऊन जोडपी उचल फेडायला निघतात, तिथे हे यंत्र येणं ही काही साधी गोष्ट नव्हे. म्हणून एका विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाला मुद्दाम गेलो. मांडव, माइक, टोपी, नाश्ता. निवेदक सांगत होता की हे यंत्र एका दिवसात किती टन तोडतं. टपरीवरचा तो मेकॅनिकही आला होता. त्याने हात वर केला.

“सर, वळायला किती जागा लागते?”

निवेदकाने त्याला टोपी दिली.

पोरगं टोपी घालून पुन्हा उभं. “सरी किती फुटांची पाहिजे?” साडेचार-पाच फूट, असं उत्तर आलं. इकडे निम्म्या लोकांची सरी तीन-साडेतीन फुटांची. “मग एक एकराचा तुकडा, मधे विहीर, बांधावर लिंब आणि वर महावितरणची लोंबणारी तार, तिथं कसं?” यावर निवेदक म्हणाला की अशा शेतकऱ्यांनी गट करावा. “आणि पाचटापोटी कारखाना वजनात कपात करतो ती कुणाच्या अंगावर?” यावर माइक खराब झाला.

मिनोव्हस्की कण दुसरं काय करतात!

तोच प्रश्न, तोच पोरगा. टपरीवर विचारला की रिकामटेकडा, मांडवात विचारला की आगाऊ. यंत्र वाईट आहे असं त्याचं म्हणणंच नव्हतं. सरी रुंद केली, तुकडे जोडले, तर ते चालतंच, चालतंय. पण माइकवर ही अट नव्हती, फक्त जबडा होता. चाहत्यांमध्ये मोठा मान १९८८ च्या ‘पॅटलेबर’ला आहे. तो का, तर त्यातली यंत्रं बांधकामावर राबतात, पोलिसांकडच्या यंत्राला दुरुस्तीचं बिल येतं, बजेट संपतं आणि वरिष्ठांची बोलणी बसतात. आपल्याकडे उलटं. यंत्र खरं असतं आणि बिलाची गोष्ट कल्पित.

मध्येच कुणीतरी धर्मसंकट काढतंच. इथून जवळच जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांचा मारुती अणूएवढा होतो आणि ब्रह्मांडाएवढाही होतो. तिथे नाही विचारत हाडांवरचा ताण? नाही विचारत. मारुती अनुदान मागत नाही.

विज्ञानकथेला शास्त्राची शिस्त लावायची ही सवय मराठीत नवी नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. बक्षीस मिळालं, मग कळलं की हे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून आलेले. नावाकडे बघून नव्हे, कथेकडे बघून निकाल लागावा म्हणून. आपल्या योजनाही अशा टोपणनावाने, फोटो न लावता स्पर्धेत उतरवल्या तर? नको, पहिला नंबर कुणालाच द्यावा लागायचा नाही.

राहता राहिला गुंडमच्या रंगाचा वाद. लढाईचं यंत्र, आणि रंग पांढऱ्यावर लाल, निळा, पिवळा. लपायचं कुठं? यावर पोरांनी अवकाशातल्या प्रकाशापासून शत्रूच्या मानसशास्त्रापर्यंत सगळं लावून बघितलं. कारण साधं होतं. मालिकेला पैसे देणारी कंपनी खेळणी विकत होती आणि पोरांना भडक खेळणं आवडतं. टपरीवर ही माहिती आली तेव्हा बारावीवाला हिरमुसला, पण मामांचा चेहरा खुलला. त्यांना पहिल्यांदाच काहीतरी शंभर टक्के पटलं होतं.

पण या सगळ्या चिरफाडीत एका गोष्टीवर इथे कुणीही बोट ठेवलेलं नाही. गुंडम चालवणारा अमुरो रे पंधरा वर्षांचा आणि इव्हँगेलियनचा शिंजी इकारी चौदाचा. लायसन नाही, प्रशिक्षण नाही, साठ टन ताब्यात. परदेशात यावर मोठे वाद झडतात, पोरांच्या हाती युद्ध कसं दिलं वगैरे. घनसावंगीत हा मुद्दा निघालाच नाही. गाळप सुरू झालं की दोन ट्रॉल्या उसाने ठासून, मागे रिफ्लेक्टर नाही, पुढे टेपवर डीजे, आणि स्टिअरिंगवर मिसरूड न फुटलेला पायलट, असा ट्रॅक्टर टपरीसमोरून दर दहा मिनिटाला जातो.