काय दिसतंय?

सकाळी सोसायटीच्या बागेत कुणी उकिडवं बसून वाळक्या शेंगा निवडत असेल, तर त्याच्याकडे बघायचं नसतं. बघितलंत की काका गुलमोहराची हातभर शेंग नाकापुढे धरून विचारणार, "काय दिसतंय?"

"शेंग" म्हणालात तर संपलात. अर्धा तास व्याख्यान. "साप", "तलवार" वगैरे उत्तरांना कीव मिळते. बरोबर उत्तर नेहमी मोर असतं. नारळाच्या पोयीत मोर, झावळीत मोर. एकदा लिफ्टमध्ये त्यांच्या हातात सुरण होता. मी घाईघाईने "मोर!" म्हटलं. "अहो, भाजी आहे," म्हणाले.

मोर खरोखर होतो, हे मान्य करायला हवं. पोय आडवी, मागे शेंगांचा पंखा, पायाशी सोनमोहराचा पिवळा सडा आणि शेवटी गुंजेचा डोळा. डोळा बसला की तो प्राणी आपल्याकडे बघू लागतो. गोंद, तार, खिळा काही नाही. चिकटवलं की मेलं, हा काकांचा सिद्धान्त. त्यामुळे कोलशेतच्या खाडीवरून वारा सुटला की पिसारा क्लबहाउसपर्यंत जातो.

उरलेलं काम झाडूवाल्या मावशींचा खराटा करतो. त्यांनाही काकांनी विचारलंच, "मावशी, काय दिसतंय?"

"कचरा."

एवढं नेमकं समीक्षण मी दिवाळी अंकातही वाचलेलं नाही.

काकांचं दैवत नेकचंद. रस्त्यांच्या कामावरचा साधा निरीक्षक. त्याने १९५७ पासून चंदीगडच्या जंगलात गुपचूप दगडधोंड्यांची नि भंगाराची नगरी उभारली. सरकारला पत्ता लागायला पंधरा-अठरा वर्षं गेली आणि १९७६ मध्ये तिचं रीतसर उद्घाटन झालं. काकांचं गुपित सेक्रेटरींना पंधरा मिनिटांत कळलं. आमच्याकडे सीसीटीव्ही आहे.

जवळच २०२४ मध्ये ग्रँड सेंट्रल पार्क झालं. काका तिथे फिरायला जातात आणि फुगलेल्या खिशांनी परततात. काकूंचं म्हणणं एवढंच, की घरात इकडची काडी तिकडे न करणारा माणूस बाहेरच्या काड्या घरात आणतो.

एकदा मोर मांडता मांडता ते सहज म्हणाले, "इथे आमची केमिकल कंपनी होती. हा जिम आहे ना, तिथे माझं खातं." कारखान्यांच्या जागी टॉवर आले, हे कोलशेत रोडवर सगळ्यांना माहीत असतं, त्यातला कामगार बागेत भेटेल असं वाटत नाही. "सगळी नोकरी रबरी हातमोज्यांत गेली," म्हणाले आणि बोटांनी माती चाचपत बसले. त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही. मलाच चुकल्यासारखं झालं.

यंदा कमिटीने बागेत निसर्गाचं दर्शन घडावं म्हणून फायबरची दोन हरणं आणली. शेजारी पाटी आहे: हात लावू नये. पोरं त्यांच्याकडे पाठ करून काकांभोवती बसतात आणि चिखलाच्या हातांनी एकमेकांचे मोर मोडतात. हरणांना एका बैठकीत मंजुरी मिळाली. शेंगांच्या पोत्यासाठी काकांनी जिन्याखाली जागा मागितली, तो विषय अजून अजेंड्यावरच आहे. मावशींनी मात्र ते पोतं पंपरूममध्ये खराट्यांमागे ठेवून दिलंय आणि झाडताना सापडलेल्या लांब, न तुटलेल्या शेंगा त्यात टाकतात. आखूड असेल तर घेत नाहीत.