पिकतं तिथं विकू नये

कलबुर्गीत हल्ली जी नवी फॅमिली रेस्टॉरंटं निघाली आहेत, त्यांच्या मेनूकार्डाची जाडी पाहूनच जिल्ह्याची प्रगती डोळ्यांत भरते. चायनीज आहे, तंदूर आहे, इटालियन आहे, अरबी आहे. साधं वरण तेवढं नाही. याबद्दल मालकांचं जाहीर कौतुक व्हायला हवं. ज्या जिल्ह्याच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिथं आळंद-चिंचोळी-सेडमच्या काळ्या रानात नजर जाईल तिथवर तूरच, तिथला माणूस बाहेर ताटकळत उभा राहतो आणि आत गेल्यावर मागवतो दाल मखनी. म्हणजे दिल्लीच्या रीतीनं लोण्यात घोटलेला उडीद आणि राजमा. घरची तूर नेहरू गंजच्या बाजारात घालायची आणि आलेले पैसे उडदावर ठेवून यायचे, याला मन मोठं लागतं.

यात शहाणपणही आहे. खानावळीत जेवायला बसलं की प्रत्येक जण परीक्षक होतो. भाकरीची कड चिरली का, पापुद्रा सुटला का, शेंगाची चटणी उखळात कुटली की मिक्सरला लावली, हे घास तोंडात जायच्या आधीच ठरलेलं असतं. भालकीचा एखादा मामा नुसता वास घेऊन सांगतो, "अक्का, पिठाची विरी गेलीय की ओ." झालं! खानावळवाल्या अक्कांचा दिवस वाया. आता हाच मामा सिझलरपुढं बसवा. ते कसं लागायला हवं हे भालकीत कुणाला ठाऊक नाही, औरादेत नाही, आचाऱ्याला तर मुळीच नाही. लाकडी पाटावर धूर निघाला, सगळ्यांनी मोबाइल बाहेर काढले, मामांनी "बरं आहे" म्हटलं. ज्या पदार्थाची आपल्याकडे कुणाची आई नाही, तो बिघडूच शकत नाही. नव्या हॉटेलधंद्याचा पाया तो हाच, आणि तो अतिशय भक्कम आहे.

गोबी मंचुरियनचं उदाहरण घ्या. मांचुरियाशी त्याचा संबंध नावापुरता. मंचुरियन हा प्रकार मुंबईत जन्मला. आपल्याकडे तो लाल असतो म्हणून ओळखू येतो. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासलेल्या 171 नमुन्यांपैकी 107 नमुने असुरक्षित निघाले होते. सरकारचा हा अरसिकपणाच म्हणायचा. रंग काढून घेतला तर मागं कोबी उरतो, आणि कोबी तर घरीही असतो.

मंदीबद्दल मात्र मी मनापासून बोलतो. (ही मंदी बाजारातली नव्हे, ती निराळी आणि तीही आहेच.) येमेनचा हा मांस-भात निजामाच्या अरब शिपायांच्या वंशजांनी हैदराबादच्या बरकसमध्ये रुजवला आणि तिथून तो बीदर-कलबुर्गीला आला. भलंमोठं ताट मध्ये ठेवायचं आणि चार-सहा जणांनी भोवती बसून एकत्र हात घालायचा. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी इथल्याच कल्याणात सगळ्या जातींना एका पंगतीला बसवायला काढलं, तेव्हा केवढा अनर्थ झाला! आता तीच माणसं एका ताटात जेवतात, वर जीएसटी भरतात. वचनं फुकट होती, म्हणून कदाचित पटली नसावीत.

गाणगापुरात दत्तप्रभू रोज दुपारी माधुकरीला येतात अशी श्रद्धा आहे. म्हणून भक्तही झोळी घेऊन पाच घरं मागतात. कुणी भाकरी घालतं, कुणी भाताचा घास, वर पळीभर आमटी. प्रभूंची पावलं चुकून एखाद्या नव्या रेस्टॉरंटकडे वळली, तर दारातला पोरगा अदबीनं विचारील, "किती जण? एसी का नॉन-एसी?"

सगळ्यांत थोर ते रिंगरोडवरचे ग्रामीण थीमवाले. फायबरचे बैल, सिमेंटची विहीर, आणि पार्किंगशेजारी कडब्याची कोप. फेटा बांधलेला वेटर पत्रावळीच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या ताटलीतून पनीर आणून देतो. ज्यांचं रान चार कोसांवर आहे ती मंडळी गाडी काढून इथं रान बघायला येतात, पोरांना बैलावर बसवून फोटो काढतात. खरा बैल लाथ मारतो, हा मारत नाही. सुधारणा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

तेव्हा जरूर जा. रविवारी टेबल आधी सांगून ठेवा. फक्त येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, जाऊ नका. त्या दिवशी टेबल मिळेल, जेवण मिळणार नाही. आचारी, वेटर आणि मालक तिघंही आपापल्या रानात खऱ्या कोपीपुढं भज्जी, आंबील आणि उंडे जेवत असतात, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही फुकट वाढतात.