हात न धुता शोधनिबंध कसा लिहावा
(नवशिक्या निवासी डॉक्टरांसाठी)

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या मेडिकल कॉलेजात तुम्हाला पदव्युत्तर जागा मिळाली असेल, तर आधी अभिनंदन. प्रबंधाचा विषय आता नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला कळवायचा आहे, आणि वॉर्डातला स्टेथोस्कोप रात्री कोण पळवतं हेही तुम्हाला अजून कळलेलं नाही. घाबरू नका. हा मुलूख औषधपाण्यात मुरलेला आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं ते १८९४ साली. सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ मध्ये मिरजेत आलं आणि १९८४ मध्ये कऱ्हाडला कृष्णा कॉलेज. तुमच्याआधी पुष्कळांनी प्रबंध लिहिले आहेत. ते सगळे ग्रंथालयाच्या कपाटात आहेत, किल्ली रजेवर आहे.

विषय दोन जातींचे असतात. एकात पेशंट शोधावाच लागत नाही, दुसऱ्यात जन्मभर शोधला तरी सापडत नाही. पहिल्यावर प्रबंध होतो, दुसऱ्यावर नाव होतं. हुशार विद्यार्थ्याने दोन्ही हाताशी ठेवावेत.

पहिल्या जातीतला सर्वांत सोयीचा विषय म्हणजे डॉक्टर-नर्सेसची हस्तस्वच्छता. शीर्षकात ‘ज्ञान, दृष्टिकोन व आचरण’ हे तीन शब्द घाला. मग प्रश्नावली वाटा. ‘पेशंटला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर देणारा माणूस अजून वैद्यकात यायचा आहे. त्यामुळे ज्ञान चांगलं निघेल, दृष्टिकोन त्याहून चांगला निघेल. पंचाईत आचरणाची आहे, कारण ते मोजायला वही घेऊन वॉर्डात उभं राहावं लागतं.

तिथे जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षण पाठ असावेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी-पू यांच्याशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर, आणि त्याच्या खाटेला, सलाइनच्या स्टँडला हात लावल्यावर. वहीत खुणा करू लागलात की लक्षात येईल, ‘नंतर’चे क्षण बरे पाळले जातात, ‘आधी’चे राहून जातात. जगभर हेच दिसतं. नंतर धुतलेल्या हाताने आपण वाचतो, आधी धुतलेल्याने पेशंट. हे वाक्य प्रबंधात घालू नका, गाइड सर खोडतील.

वही दिसली की सगळे हात धुतात, हा दुसरा त्रास. याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. शिकागोजवळच्या एका कारखान्यात कामगारांवर झालेल्या प्रयोगांवरून हे नाव पडलं. त्यावर उपाय म्हणजे खांबाआड उभं राहणं. पण मावशी तुम्हाला हुडकतीलच आणि मोठ्याने विचारतील, ‘डॉक्टर, काय हरवलं का?’

जिनिव्हाच्या रुग्णालयात दिदिए पितेत यांच्या गटाने खाटांजवळ अल्कोहोल द्रवाच्या बाटल्या ठेवल्या, भिंतींवर चित्रं लावली आणि १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ वर नेलं. नळाला चोवीस तास पाणी असणाऱ्या गावी सुरुवात ४८ ने झाली, हे ध्यानात असू द्या. तुमच्या वॉर्डाचा आकडा ९५ आला तर बाहेरचे परीक्षक चहा सांडतील. त्याच रुग्णालयात डॉक्टर मंडळी नर्सेसच्या मागे होती. तुमच्याकडेही तसंच आढळलं तर तो तक्ता शेवटी टाका. विभागप्रमुख तिथवर पोचत नाहीत.

‘अभ्यासाच्या मर्यादा’ या प्रकरणाला आपल्या भागात तोटा नाही. माण, खटाव, आटपाडी, जतकडची माहिती असेल तर ‘पाणी नव्हतं’ लिहा. ऑगस्ट २०१९ मधली सांगलीची असेल तर ‘पाणीच पाणी होतं’ लिहा. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही वेळा नळ कोरडाच होता. मात्र अल्कोहोलची सबब चालायची नाही. साबणाने धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, द्रवाने चोळायला २० ते ३०, आणि त्याला लागणारं इथेनॉल उसाच्या मळीतून निघतं. २०२० च्या मार्चमध्ये डिस्टिलऱ्यांना सॅनिटायझर बनवायची परवानगी मिळाली, तेव्हा कृष्णाकाठाला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. बोटातली पुष्कराजाची अंगठी, मनगटावरचा लाल दोरा आणि दर दोन मिनिटांनी खिशातून निघणारा मोबाइल यांच्यावर कोणी प्रबंध सुचवत नाही, कारण सुचवणाऱ्याच्याही बोटात अंगठी असते. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हमालाचे पिवळे हात बघून तो कशाला शिवून आला हे लहान मूलही सांगेल. आपल्या हाताला तसा रंग चढत नाही, एवढ्याच भांडवलावर वॉर्ड चालतो.

आता नाव व्हायचं ते दुसऱ्या जातीत. मेंदूच्या तळाशी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पीयूष ग्रंथी असते. कधीकधी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती तिच्यावर उलटते. असं झालेलं पहिल्यांदा नोंदवलं गूडी आणि पिंकर्टन या दोघांनी, १९६२ मध्ये, म्हणजे मिरजेचं कॉलेज निघालं त्याच साली. बावीस वर्षांची बाई, बाळंतपणाला वर्षभर उलटून गेलेलं, अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दगावली. शवविच्छेदनात पीयूष ग्रंथीत लिम्फोसाइट पेशी भरलेल्या दिसल्या.

हा आजार बायकांना अनेकदा गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतर गाठतो. डोकं दुखतं, नजर अधू होते, दूध येत नाही, रक्तदाब उतरतो, उठवत नाही. घरचे म्हणतात बाळंतपणाचा अशक्तपणा, आणि डिंकाचे लाडू वाढतात. ओपीडीत लोहाच्या गोळ्या मिळतात. तुम्ही मात्र एमआरआयची चिठ्ठी लिहा; पण त्याआधी बाळंतपणात रक्तस्राव किती झाला ते विचारा. खूप झाला असेल तर तो बहुधा शीहानचा आजार, १९३७ पासून पुस्तकात असलेला, आणि आपल्याकडे त्याचं फारसं कौतुक नाही. पक्कं निदान तुकडा काढूनच होतं आणि तेवढ्यासाठी नाकावाटे तिथवर सहसा कोणी जात नाही. म्हणून शीर्षकात ‘संभाव्य’ लिहा. थायरॉइडची गोळी स्टेरॉइडच्या आधी सुरू करू नका. हे विनोदाने सांगत नाही. ॲड्रिनल ग्रंथी आधीच मंदावलेली असते, उलट क्रमाने पेशंट कोसळतो.

दोन्ही विषयांच्या मध्ये बाळंतीणच आहे, हे आता तुमच्या लक्षात येईल. व्हिएन्नात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइसने पाहिलं, की सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त मरतात. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येत. त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेला मृत्युदर दोनेक टक्क्यांवर आला. पण त्याने क्रम चुकवला. हात आधी धुतले, आणि पुस्तक काढलं १८६१ मध्ये. चौदा वर्षं! तोवर लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळातच तो गेला. या मार्गदर्शिकेत त्याच्या पद्धतीची शिफारस केलेली नाही.

केस रिपोर्ट छापून आला की कात्रण विभागप्रमुखांना द्या, त्यांचं नाव पहिलं आहेच. पेशंट एव्हाना जतच्या एसटीत बसलेली असेल. तिच्या कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलंय का बघा: स्टेरॉइडची गोळी बरं वाटलं म्हणून आपणहून बंद करायची नाही, ताप आला तर डॉक्टरांना विचारून डोस वाढवायचा, उलट्यांनी गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं, आणि तिथे हे कार्ड आधी दाखवायचं. लिहिलं नसेल तर एसटी सुटायच्या आत स्टँडवर माणूस पाठवा.